१,२०० डॉलरचं वाकड्या पायाचं शिंगरू: कान्योनेरो जिंकला तो नुसत्या नशिबानं का?

टापांचा आवाज

गेले पंधरा दिवस एकच घोडा डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. कॅनोनेरो दुसरा, जन्म १९६८, केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवरचा. पुढचा उजवा पाय जन्मतः वाकडा. कीनलँडच्या लिलावात तो फक्त १,२०० डॉलरला गेला. उमद्या रक्ताच्या घोड्यासाठी ही किंमत म्हणजे जवळजवळ फुकटच. तिथून तो थेट व्हेनेझुएलाला पोचला. मालक पेद्रो बाप्तिस्ता, ट्रेनर हुआन आरियास. कराकसच्या ला रिंकोनादा रेसकोर्सवर तो पळायचा.

केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती; तिन्ही एकाच वर्षी जिंकल्या की ट्रिपल क्राउन. १ मे १९७१ ला हा घोडा केंटकी डर्बीला उभा राहिला. वीस घोडे. अर्धी शर्यत होईपर्यंत हा अठराव्या नंबरवर. मग शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूनं असा निघाला की एकेक करत सगळे मागे, आणि पावणेचार लांबींनी (म्हणजे तेवढ्या घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं) जिंकला. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेसही मारली. तिसरी बेलमाँट जिंकता तर १९४८ च्या सायटेशननंतरचा पहिला ट्रिपल क्राउनवाला ठरता. तिथे चौथा आला.

अजूनही अमेरिकन लेखांमधून त्याचा उल्लेख ‘चमत्कार’, ‘परीकथा’ असाच होतो. मला ते मनापासून खटकतं. चमत्कार म्हटलं की घोड्याची मेहनतही संपली आणि आरियासचीही. माझं म्हणणं, घोडा दमदार होता, बघणाऱ्यांना तो माहीत नव्हता एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

मनमाड जंक्शन

रेसमधलं ओ की ठो कळत नाही, पण पूर्ण वाचलं. अजून लिहा.

आकडेमोड

लेख आवडला, पण दोन गोष्टी. एक, त्याचा भाव ८.७ ला एक होता, म्हणजे एक डॉलर लावला तर ८.७ नफा. वीस घोड्यांच्या शर्यतीत याला लाँगशॉट, म्हणजे कुणालाच आशा नसलेला घोडा, म्हणत नाहीत. दोन, त्या वर्षीचा खरा दावेदार हॉइस्ट द फ्लॅग मार्च अखेरीस सरावात पाय मोडून बाद झाला होता. तो असता तर आज आपण या घोड्याबद्दल बोलतही नसतो. विजयाची वेळही २ मिनिटं ३.२ सेकंद, म्हणजे काही डोळे दिपवणारी नाही. मैदान रिकामं होतं, त्यात हा घुसला.

लुईव्हिलची सून

आकडेमोड, भावाबद्दल गैरसमज होतोय. तेव्हाच्या टोट यंत्रांना, म्हणजे तिकिटांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रांना, बाराच आकडे घेता यायचे. घोडे वीस. मग ज्यांना कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं असे सहा घोडे एका तिकिटात कोंबले, त्याला इथे ‘फील्ड’ म्हणायचे. सहातला कुठलाही जिंकला तरी तिकीट लागणार. त्यामुळे ८.७ हा सहा जणांचा मिळून भाव. कान्योनेरोवर एकट्यावर पैसे लावायची सोयच नव्हती! दोन डॉलरच्या तिकिटाला १९.४० मिळाले. वेगळा आकडा असता तर किती मिळाले असते याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि टापांचा आवाज दादा, नाव ‘कान्योनेरो’ असं म्हणतात, स्पॅनिश आहे ते. शीर्षकात बरोबर लिहिलंत, खाली चुकलात. :)

चर्चिल डाउन्स, म्हणजे डर्बीचं रेसकोर्स, माझ्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर. डर्बीच्या आठवड्यात पहाटे सराव बघायला लोकांना आत सोडतात. एका वर्षी मी सासूबाईंना घेऊन गेले. अंधार पुरता गेलेला नव्हता, थंडी होती, आणि आंघोळ घातलेल्या घोड्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. प्रत्येकाच्या खोगिराखालच्या कापडावर त्याचं नाव. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, यांना मुंज मुलासारखं सजवलंय.’ तिथे उभं राहून घड्याळं लावणारे लोक असतात, कुठला घोडा अर्धा मैल किती सेकंदात गेला ते टिपून ठेवतात. १९७१ मध्ये अशाच लोकांनी कान्योनेरोचा सराव बघून नकारार्थी मान हलवली होती. अर्ध्या मैलाला त्याला ५३ सेकंदांहून जास्त लागले. इकडचे घोडे तेच ४७-४८ मध्ये करतात. पत्रकारांनी आरियासची टर उडवली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे उलट उत्तर देता येण्याचाही प्रश्न नव्हता.

आकडेमोड

फील्डचं माहीत नव्हतं. ते मागे घेतो. हॉइस्ट द फ्लॅगचं आणि वेळेचं घेत नाही.

पशुवैद्य ताई

घोडा तिथपर्यंत पोचला कसा ते कुणीच लिहिलं नाही. पहिलं विमान बिघाडामुळे परत फिरलं. मग मायामीला उतरल्यावर कागदपत्रं अपुरी म्हणून अडकवून ठेवला, रक्ताचे नमुने तपासून येईपर्यंत क्वारंटाईन. नंतर फ्लोरिडातून लुईव्हिलपर्यंत रस्त्यानं, हजार मैलांहून जास्त. घोडा खंगलेला पोचला.

मी पशुवैद्यक आहे, म्हणून या प्रवासाचा अर्थ सांगते. घोड्याला वाहनात मान वर बांधून उभं करतात. एरवी तो दिवसभर मान खाली घालून चरतो, त्यामुळे श्वासनलिकेत गेलेली धूळ, गवताचा कोंडा, शेंबूड आपोआप बाहेर येतो. मान वर बांधली की ते सगळं खाली फुप्फुसाकडे उतरतं. लांबच्या प्रवासानंतर न्यूमोनिया होणारे घोडे मी स्वतः पाहिलेत. पाणी कमी पितात, त्यातून पोटशूळ. असा प्रवास करून आलेल्या घोड्याला पहिल्याच आठवड्यात कुणी दामटवत असेल तर तो ट्रेनर नव्हे. त्या ५३ सेकंदांमध्ये मला आळस दिसत नाही, आरियासचा संयम दिसतो. तो घोडा बरा करत होता, बाकीचे घड्याळ बघत होते.

रक्ततपासणी हा छळवाद वाटेल, पण तसं नाही. आजही बाहेरचा घोडा अमेरिकेत उतरला की चार रोगांसाठी रक्त तपासतात. त्यातला पायरोप्लाझ्मोसिस गोचिडांमुळे पसरतो, एकदा शिरला की हाकलणं कठीण.

नाना फर्लांग

ताई, लाख बोललात.

मी १९६८ पासून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जातोय. वय आता ७६. तिकीट कायम लहान, घोडे बघण्याचा नाद मोठा. तुमच्या धाग्याशी जुळणारी गोष्ट आमच्याकडेही होती. फेब्रुवारीत इंडियन डर्बी असली की बंगळूर, हैदराबाद, मद्रासचे घोडे यायचे. आता फोनवर सगळ्या शर्यतींची चित्रफीत दिसते. तेव्हा बाहेरगावच्या घोड्याबद्दल आमच्या हातात असायच्या पुस्तिकेतल्या चार ओळी. कुठे पळाला, कितवा आला, संपलं. कसा पळाला, वळणावर अडकला होता का, जॉकीनं चाबूक काढला का, काही नाही. मुंबईकर पब्लिक आपला ओळखीचा घोडा धरायची.

माझे एक स्नेही होते, गिरणीत जॉबर. ते पुस्तिका उघडायचेच नाहीत. शर्यतीआधी पॅडॉकच्या, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या जागेच्या, कठड्याला टेकून उभे राहायचे आणि फक्त मागचे पाय बघायचे. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे किती पडतो ते. ‘नाना, हा बघ, वीतभर पुढे टाकतोय,’ म्हणायचे. बाहेरगावच्या घोड्याला त्यांची नजर सारखीच, कारण त्यांच्या दृष्टीनं गावच नव्हतं, नुसता घोडा होता. चर्चिल डाउन्सला त्या दिवशी असा माणूस असता तर त्यानं कान्योनेरोला हेरलं असतं असं मला खात्रीनं वाटतं.

सारंगखेड्याचा

नाना, वाचून अंगावर काटा आला. मी शहाद्याजवळचा. आमच्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार तिचा जीव. लहानपणापासून आजोबांचं बोट धरून फिरलोय. तिथे घोडा घेणारा आधी भोवरे बघतो. कपाळावरचा भोवरा कुठे, मानेवरचा कुठे, कुठला शुभ, कुठला खोडीचा. मग दात. मग पाय. मग रवाल चाल काढून दाखवायला सांगतो. पाय वाकडा दिसला की सौदा तिथेच मोडतो, पुढे चाल कितीही सुरेख असो. आजोबा मात्र आधी पळवून बघायचे, भोवरे नंतर. ते म्हणायचे, भोवरा अंगावर असतो, दम आत असतो.

एक विचारू? वाकड्या पायानं हा घोडा दोन-दोन शर्यती जिंकला, ते वैद्यकीय दृष्ट्या कसं काय? पशुवैद्य ताई?

पशुवैद्य ताई

चांगला प्रश्न. वाकडा पाय म्हणजे लगेच लंगडा पाय नव्हे. सांध्याखालची हाडं थोडी बाहेर किंवा आत वळलेली असली तर टापेचा भार सगळीकडे सारखा पडत नाही, एका बाजूच्या हाडावर नि स्नायुबंधावर जास्त येतो. त्यामुळे पुढे इजा होण्याची *शक्यता* वाढते, वेग कमी होतोच असं नाही. लिलावात मात्र माणूस शक्यतेचे पैसे कापतो. नालबंद चांगला असेल तर खूर घासून, नाल बसवून बराच तोल साधता येतो. हा घोडा हळूहळू मोठा झाला, लांब पल्ल्याच्या शर्यती पळून तयार झाला, हेही त्याच्या पथ्यावर पडलं असणार.

विवेकवादी

सगळं ठीक, पण शेवटी हा जुगारच. आणि जनावरांचे हाल. २००८ च्या डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली आणि शर्यत संपल्यावर पुढचे दोन्ही घोटे मोडून तिथेच कोसळली, तिला मारावं लागलं. अशा खेळाचं कौतुक कशाला?

टापांचा आवाज

विवेकवादी, तुमचा मुद्दा झटकून टाकणार नाही. एट बेल्सचं वाचून मीही अस्वस्थ झालो होतो. कान्योनेरोच्या बाबतीतही बेलमाँटआधी खुराला संसर्ग झालेला होता, कातडीचाही त्रास होता, सरावाचे दिवस बुडाले होते. तरी ५ जून १९७१ ला त्याला उतरवलं. स्टँडमध्ये ८२,६९४ माणसं, तोवरची बेलमाँटची विक्रमी गर्दी, त्यात व्हेनेझुएलाचे झेंडे घेऊन आलेले लोक. एवढ्या गर्दीपुढे ‘आज माझा घोडा पळणार नाही’ म्हणायला केवढी छाती लागली असती. पण म्हणायला हवं होतं असंच मला वाटतं. मैलभर त्यानं सगळ्यांना मागे ठेवलं होतं, मग संपला. पास कॅचर जिंकला, ३४ ला एकचा घोडा. त्या दिवशीचा लाँगशॉट तो.

पशुवैद्य ताई

खुराच्या तळाशी मऊ त्रिकोणी भाग असतो, तो ओल आणि घाणीनं सडायला लागतो. दुखतं फार. वेळेवर साफ केलं तर बरं होतं, पण विश्रांती लागते. मी असते तर परवानगी दिली नसती. इथे मी विवेकवादींच्या बाजूनं.

टोरांटोचा तात्या

लाँगशॉट आणि बाहेरचा घोडा म्हणताय आणि माइन दॅट बर्ड नाही? आमच्या कॅनडाचा, दोन वर्षांच्या घोड्यांमधला २००८ चा चॅम्पियन होता तो! लिलावात ९,५०० डॉलरचा. नंतर न्यू मेक्सिकोच्या लोकांनी चार लाखांना घेतला. ट्रेनर चिप वूली, स्वतःचा पाय मोडलेला, कुबड्या घेऊन. घोडा ट्रेलरमध्ये चढवला आणि २१ तास गाडी हाकून लुईव्हिलला आला. २००९ ची डर्बी, चिखल, भाव पन्नासला एक. कॅल्व्हिन बोरेलनं त्याला शेवटून आतल्या कठड्याला घासत आणला. समालोचक बाकीच्या घोड्यांची नावं घेतोय आणि हा पुढे निघून गेलाय, त्याच्या लक्षातच नाही. पावणेसात लांबी!

मी तेव्हा इथे नवा होतो, तळघरातल्या भाड्याच्या खोलीत राहायचो. घरमालक आजोबांनी टीव्ही बघायला वर बोलावलं होतं. घोडा जिंकल्यावर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘वुडबाइनचा (इथल्या रेसकोर्सचा) घोडा आहे हा, आमचा.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. परक्या देशात आपलं काहीतरी जिंकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मनमाड जंक्शन

तात्या, २१ तास! आमची लांब पल्ल्याची एक्सप्रेस आठवली. तिच्यातून उतरून मला चालताही येत नाही, हा डर्बी जिंकला.

सांता अनिताचा शेजारी

यात आर्कांगचं नाव यायलाच हवं. ६ नोव्हेंबर १९९३, कॅलिफोर्नियातलं सांता अनिता, ब्रीडर्स कप क्लासिक, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींपैकी एक. फ्रान्सचा घोडा, ट्रेनर आंद्रे फाब्र. आयुष्यभर गवतावर पळलेला, मातीवर पहिलीच वेळ. जॉकी जेरी बेलीनं त्याआधी हा घोडा पाहिलाही नव्हता. १३३ ला एक! दोन डॉलरचे २६९.२० मिळाले. ब्रीडर्स कपमध्ये एवढा मोठा भाव लागलेला दुसरा विजेता नाही.

पण हाही त्याच वर्षी पॅरिसच्या लाँशॉमला ग्रुप एक, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, प्री दिस्पाहाँ शर्यत जिंकून आला होता. म्हणजे युरोपातला पहिल्या फळीतला घोडा. अमेरिकन माणसाला ते नाव वाचून काही बोध झाला नाही, बस. टापांचा आवाज यांचं म्हणणं मला पटतं ते यामुळे.

माती आणि गवत हा फरक मात्र खरा आहे, त्याला हसू नका. मातीच्या ट्रॅकवर मागून पळणाऱ्या घोड्याच्या तोंडावर ढेकळं येतात, अक्षरशः गोळ्यांसारखी. जॉकी एकावर एक तीन-चार गॉगल चढवून जातात आणि भरला की एकेक खाली ओढतात. घोड्याला कसला गॉगल? गवतावर वाढलेला घोडा पहिल्या फटक्यालाच मान वर करतो आणि पळणं सोडतो. २०१८ मध्ये युरोपातून मेंडेलसन आला, डर्बीचा मोठा दावेदार, शेवटचा आला.

नाना फर्लांग

बरोबर. शिवाय दिशा. आमच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे उजव्या हातानं वळतात, अमेरिकेत सगळीकडे डाव्या. वळणावर घोडा कुठला पाय पुढे टाकतो ते सवयीचं असतं.

ओसाकावासी

जपानकडे बघा म्हणजे ‘माहिती नसणे’ हा मुद्दा स्पष्ट होईल. २०२१ ला डेल मारला मार्श लोरेन ही घोडी ब्रीडर्स कप डिस्टाफ जिंकली, भाव जवळजवळ पन्नासला एक. ट्रेनर योशितो याहागी. त्याच दिवशी त्यांच्याच लव्हज ओन्ली यूनं दुसरी शर्यत मारली. त्यानंतर अमेरिकन लोक जपानी घोड्याकडे नीट बघायला लागले. २०२४ च्या डर्बीत फॉरएव्हर यंग तिसरा आला, पहिल्या तिघांत एकमेकांपासून नाकाएवढंच अंतर. २०२५ ला तोच घोडा ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला, आणि तेव्हा त्याला कुणी लाँगशॉट म्हणत नव्हतं. चार वर्षांत घोड्यांचं रक्त बदललं नाही, बघणाऱ्यांची नजर बदलली.

या क्लासिकच्या वेळी, म्हणजे इथल्या सकाळी, आमच्या शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून मला उठवलं होतं.

आकडेमोड

ओसाकावासी, हा सगळ्यात जड मुद्दा. पण मला कान्योनेरोवर परत यायचंय. डर्बीनंतरचे त्याचे आकडे नीट पाहिले, आणि माझं मत थोडं हललं, थोडं नाही.

प्रीकनेसमध्ये तो मागे राहिलाच नाही. सुरुवातीपासून ईस्टर्न फ्लीटच्या अंगाला लागून पळाला आणि दीड लांबीनं जिंकला, १ मिनिट ५४ सेकंद, प्रीकनेसचा विक्रम. नशुआचा १९५५ चा विक्रम मोडला. डर्बीत अठराव्या जागेवरून आणि इथे पुढून, दोन्ही पद्धतींनी जिंकणारा घोडा नशिबानं जिंकला असं म्हणता येणार नाही. हे मान्य.

मान्य नाही ते हे, की तो थोर होता. बेलमाँटनंतर किंग रँच या टेक्सासमधल्या मोठ्या फार्मनं त्याला १५ लाख डॉलरला विकत घेतला आणि मग तो हरतच राहिला.

टापांचा आवाज

आकडेमोड, मग २० सप्टेंबर १९७२ ही तारीखही बघा. बेलमाँट पार्क, स्टायमी हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात अशी शर्यत. समोर रिव्हा रिज, म्हणजे त्याच वर्षीचा केंटकी डर्बी आणि बेलमाँट दोन्ही जिंकलेला. पाठीवर पुन्हा गुस्तावो आव्हिला, डर्बीचाच जॉकी. नऊ फर्लांग १ मिनिट ४६.२ सेकंदांत, पाच लांबींनी. रिव्हा रिजच्या पाठीवर वजन जास्त होतं हे मी लपवत नाही. पण पाच लांबी आणि विक्रमी वेळ वजनाच्या सवलतीनं मिळत नाही. वर्षभर ज्याला संपलेला म्हणत होते त्यानं हे केलं. बरा झालेला खूर आणि ओळखीचा हात एकत्र आले की काय होतं ते त्या दिवशी दिसलं.

आकडेमोड

हे मला माहीत नव्हतं. रात्री सगळं परत वाचून काढतो.

लुईव्हिलची सून

एक राहिलंच. डर्बीच्या दिवशी मालक बाप्तिस्ता इथे नव्हतेच, कराकसला घरी होते. फोनवर कुणीतरी सांगितलं की तुमचा घोडा जिंकला, तर त्यांना वाटलं चेष्टा करतायत. इकडे विजेत्याच्या वर्तुळात आरियास उभा, आणि आदल्या दिवशीपर्यंत ज्यांनी त्याला एक प्रश्न नीट विचारला नव्हता ते सगळे दुभाषा शोधत धावतायत.

सारंगखेड्याचा

हे वाचून आजोबांची आठवण आली. घोडा पुढे कुठे गेला?

टापांचा आवाज

काही वर्षं अमेरिकेत पैदाशीसाठी ठेवला होता, पण त्याची शिंगरं फारशी चमकली नाहीत. शेवटी व्हेनेझुएलाला परत नेला. १९८१ मध्ये तिथेच गेला.

नावाचं खाली दुरुस्त करायचं होतं, पण आता संपादन बंद झालंय. लुईव्हिलताई, माफी.

नाना फर्लांग

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी. मुंबई-पुण्याचे जे असतील त्यांनी यावं. विवेकवादींनीही यावं, तिकीट लावायची सक्ती नाही. मी पॅडॉकच्या कठड्यापाशी असेन, डोक्यावर पांढरी टोपी. सारंगखेड्याचे, तुम्ही आलात तर मला भोवरे शिकवा, मी तुम्हाला मागचे पाय दाखवतो.

सारंगखेड्याचा

येतो नाना. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो.